जुनी ऑटोमॅटिक मर्सिडीज गिअर टाकताना झटका मारते? बॉक्स उघडायच्या आधी एवढं पाहून घ्या

माझं गॅरेज वरूड-मोर्शी पट्ट्यात आहे. कामं सगळी ट्रॅक्टरची, पिकअपची, संत्र्याच्या सीझनमध्ये ट्रकची. पण गेल्या बारा-तेरा वर्षांपासून एक जुनी मर्सिडीज माझ्याकडे येते, 300 डी, 1983 चं मॉडेल, डब्ल्यू 123 बॉडी, पाच सिलिंडरचं डिझेल इंजिन आणि चार स्पीडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. एका संत्रा बागायतदार काकाजींची आहे, त्यांच्या मोठ्या भावानं बाहेरून आणलेली, आता भाऊ नाहीत पण गाडी आहे आणि काकाजी तिला घरच्या माणसासारखं जपतात. ही गाडी आतापर्यंत आठ-नऊ वेळा एकाच तक्रारीवर माझ्याकडे आली, "अरे, गिअर झटके मारून राह्यला रे, पाह्य जरा." नंतर कानोकान समजून परतवाडा, आर्वी, हिंगणघाट इकडून पण तशाच दोन-तीन गाड्या आल्या.

त्यातल्या हिंगणघाटच्या गाडीचा बॉक्स माझ्याकडे यायच्या आधीच शहरातल्या एका गॅरेजमध्ये पूर्ण उघडून झाला होता. क्लचच्या प्लेटा बदलल्या, सील बदलले, तुरीचा अख्खा पैसा त्यात गेला, आणि झटका होता तसाच. खराबी निघाली इंजिनावरच्या दोन इंची रबरी नळीत. त्या दादांचा चेहरा मला अजून आठवतो, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. या गाड्यांचा बॉक्स लय मजबूत असतो, तो बिघडायच्या आधी त्याला खबर पोचवणाऱ्या वस्तू बिघडतात, आणि त्या सगळ्या बॉक्सच्या बाहेर आहेत, स्वस्त आहेत.

आधी लक्षणं नीट ओळखा, कारण "गिअर खराब आहे" एवढ्यावर काहीच समजत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना मागून कोणी लाथ मारल्यासारखा झटका बसतो का, आणि तो हळू चालवताना जास्त बसतो का? का याच्या उलट, गिअर बदलताना इंजिन एकदम भुंकते, रेस वाढते पण गाडी ओढत नाही आणि मग हळूच गिअर पकडतो? का गिअर लयच उशिरा पडतात, किंवा रेंगाळायच्या स्पीडलाच टपाटप चौथ्यापर्यंत जातात? का डी मध्ये, म्हणजे पुढं जायच्या गिअरमध्ये टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नाही? का रिव्हर्स चांगला आणि पुढे जात नाही? का फक्त डी नाहीतर आर (रिव्हर्स) मध्ये टाकतानाच धाडकन आवाज येतो आणि नंतर चालताना सगळं ठीक? ही सगळी वेगवेगळी दुखणी आहेत, औषध पण वेगवेगळं. कागदावर लिहा, गाडी थंड असताना होते का गरम झाल्यावर, चढावर का सपाट रस्त्यावर. मी काकाजींना डॅशबोर्डात एक वही ठेवायला लावली, त्यातलं पाहून माझं अर्धं काम होऊन जाते.

आणि एक लक्षण लोक सांगतच नाहीत, कारण त्यांना वाटते त्याचा गिअरशी काय संबंध. चावी काढल्यावर इंजिन लगेच बंद होते का? दरवाजाचं सेंट्रल लॉक चारही दाराला लागते का? या डिझेल गाडीत इंजिन बंद करायचं काम वायरचं नाही, व्हॅक्यूमचं, म्हणजे नळ्यांतून हवा ओढून घेतल्यानं तयार होणाऱ्या ओढीचं आहे. दाराचं लॉक पण व्हॅक्यूमवर. आणि बॉक्सनं किती जोरात गिअर पकडायचा हेही व्हॅक्यूमच ठरवतो. चावी काढली तरी इंजिन दहा सेकंद धडधडत राह्यलं आणि गिअरही झटका मारतो, तर दोन बिघाड शोधू नका, एकच आहे, कुठंतरी हवा घेऊन राह्यलं. या तपासणीला पैसा लागत नाही, पानाही लागत नाही, म्हणून मी हीच सगळ्यात आधी करतो.

त्यानंतर तेल. ऑटोमॅटिकचं तेल म्हणजे एटीएफ. साध्या बॉक्समध्ये तेल फक्त गिअरला चोपडलेलं राहावं म्हणून असते, इथं मात्र तेलाच्या दाबानंच क्लच आणि पट्टे दाबले जातात, म्हणजे तेल हेच त्याचे हातपाय. पाव-अर्धा लिटर कमी असलं तरी पंप हवा ओढतो आणि गिअर उशिरा पडतो, घसरतो. जास्त असलं तरी वाईट, आतले फिरणारे पार्ट तेल घुसळतात, फेस होतो, आणि फेस दाबला जातो, मग पुन्हा घसरणंच. या गाडीच्या तेल मोजायच्या पट्टीवर खालच्या आणि वरच्या खुणेत फक्त 0.3 लिटरच्या आसपास फरक आहे, म्हणून बाटली पालथी करायची नाही, चहाच्या कपानं टाकायचं.

मोजायची पद्धत नव्वद टक्के लोक चुकतात. इंजिन ऑईल आपण गाडी बंद करून पाहतो, इथं तसं नाही. गाडी पंधरा-वीस किलोमीटर चालवून आणा, म्हणजे तेल 80 डिग्रीच्या जवळ पोचते, मग सपाट जागी उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर एकदा सगळ्या गिअरमध्ये फिरवा, पी (पार्किंग) मध्ये ठेवा, इंजिन चालूच ठेवा आणि पट्टी काढा. पट्टीच्या मुंडीला छोटा खटका आहे, तो उचलल्याशिवाय ओढू नका. इंजिन बंद करून पाह्यलं तर टॉर्क कन्व्हर्टरमधलं, म्हणजे इंजिन आणि बॉक्सच्या मधल्या तेलानं भरलेल्या गोल डब्यातलं तेल खाली उतरते आणि लेव्हल जास्त दिसते, माणूस म्हणतो फुल आहे, आणि गाडी कमी तेलावर चालत राहते. थंड असताना पाह्यलं तर लेव्हल खालच्या खुणेच्याही खाली दिसते, माणूस म्हणतो कमी आहे, आणि वरून ओततो. दोन्ही मी पाह्यलंय, एकाच गाडीत एकाच महिन्यात.

पट्टी पुसायला कापसाचं वेस्ट वापरू नका. आपल्या इकडे प्रत्येक गॅरेजात वेस्टचा ढीग असतो पण त्याचा एक तंतू पट्टीबरोबर आत गेला की व्हॉल्व्ह बॉडीच्या, म्हणजे तेलाला वाट देणाऱ्या भागाच्या बारीक नाल्यांत अडकतो, तिथले व्हॉल्व्ह अगदी बारीक जागेत सरकतात. मी जुन्या टेरिकॉट शर्टाचा तुकडा धुऊन ठेवलाय, पट्टीसाठी तोच.

आता पुसायच्या आधी ते तेल पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून पाहा आणि वास घ्या. लाल, स्वच्छ असलं तर देवाची कृपा. तपकिरी झालं पण वास साधा असेल तर म्हातारं झालं, बदला. काळं आणि जळक्या क्लचप्लेटीचा वास येत असेल, बोटांत चोळल्यावर बारीक चमकणारे कण लागत असतील, तर प्लेटा झिजल्या, त्याचं पुढं सांगतो. आणि गुलाबी, दुधाळ दिसलं, गुलाबाचं सरबत दुधात टाकल्यासारखं, तर गाडी त्याच जागी बंद करा, घरापर्यंतसुद्धा नेऊ नका. एटीएफ थंड करायचा कूलर रेडिएटरच्या पोटात बसवलेला असतो, तो आतून फुटला की रेडिएटरचं पाणी बॉक्समध्ये जाते, आणि प्लेटांवरचं अस्तर ज्या गोंदानं चिकटवलेलं असते तो गोंद पाणी आणि कूलंट सोडवून टाकतात. जितके किलोमीटर चालवाल तितकं नुकसान वाढते. रेडिएटर जुना असेल तर उन्हाळ्याच्या आधी झाकण उघडून पाण्यावर लाल तवंग आहे का हे पाहायची सवय ठेवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात एसी चालू आणि समोर चिखलदऱ्याचा घाट, तेल कुठपर्यंत तापत असेल ते तुम्हीच समजा. धुळीनं आणि कापसाच्या फुंद्यांनी रेडिएटरची जाळी बंद झालेली असते, ती मागच्या बाजूनं पाण्याच्या साध्या धारेनं धुवून काढा, प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारू नका, पत्र्याच्या बारीक पात्या मुडपतात.

तिसरी गोष्ट, झटका खरंच बॉक्सचाच आहे का. फक्त डी किंवा आर मध्ये टाकताना धाडकन होत असेल तर आधी इंजिनचं आयडलिंग पाहा. या इंजिनाला 700 ते 800 आरपीएम पाहिजे, कोणी थंडीत गाडी बंद पडते म्हणून वाढवून ठेवलं असेल तर हजारावर गिअर टाकल्यावर झटका बसणारच. मग बोनेट उघडून दुसऱ्या माणसाला ब्रेक पक्का दाबायला सांगून डी-आर करायला लावा आणि बाजूला उभं राहून इंजिन किती उडते ते पाहा, समोर उभं राहू नका. इंजिन ज्यावर टेकते ते फाउंडेशनचं रबर बसलं असेल तर इंजिन हातभर हललेलं दिसते. खालून प्रोपेलर शाफ्टच्या, म्हणजे बॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याच्या दोन्ही टोकांना जाड गोल रबराच्या डिस्क आहेत, त्या बोल्टच्या जागी तडकतात, आणि शाफ्टच्या मधल्या क्रॉसमध्ये खेळ येतो. आर्वीच्या गाडीचं हेच होतं. बॉक्सला हात न लावता डिस्क बदलल्या आणि झटका गेला.

आता मुख्य मुद्दा, व्हॅक्यूम. इथं थोडा वेळ द्या कारण माझ्याकडे आलेल्या झटक्यांपैकी बहुतेक इथंच सापडले.

पेट्रोल गाडीत इंजिन स्वतःच व्हॅक्यूम तयार करते, डिझेलमध्ये तसं होत नाही, म्हणून इंजिनच्या तोंडाशी वेगळा व्हॅक्यूम पंप बसवलेला आहे. त्याची जाड नळी ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरला जाते, आणि त्या जाड नळीतून बारीक नळ्या फुटतात, एक चावीकडे, एक दरवाजांकडे, एक डिझेल पंपावर बसलेल्या छोट्या व्हॉल्व्हकडे आणि तिथून बॉक्सकडे. बॉक्सच्या अंगाला एक डबीसारखा पार्ट आहे, त्याला मॉड्युलेटर म्हणतात, आत रबराचा पडदा आहे. तुम्ही आरामात चालवत असता तेव्हा तो व्हॉल्व्ह मॉड्युलेटरला चांगला व्हॅक्यूम देतो, बॉक्स समजतो की लोड कमी आहे, दाब कमी ठेवतो, गिअर लोण्यासारखा पडतो. पाय दाबला की व्हॉल्व्ह व्हॅक्यूम सोडून देतो, बॉक्स दाब वाढवतो, प्लेटा घट्ट धरतो, कारण आता घसरून चालणार नाही. आता कुठंतरी नळी फाटली तर बॉक्सपर्यंत व्हॅक्यूम पोचतच नाही. तुम्ही बाजारातून बैलबंडीच्या मागे पाय न दाबता चाललेले, आणि बॉक्स समजते की मालकानं पाय तळाला टेकवलाय, म्हणून तो पूर्ण ताकदीनं गिअर मारतो. तोच तुमचा झटका. बॉक्सचा काही दोष नाही, त्याला मिळालेली खबर खोटी आहे.

मग नळी फाटते कशानं? काकाजींकडे गाडी उभी राहते धान्याच्या गोदामाला लागून. सोयाबीन आलं, तूर आली की उंदीर आले, आणि रात्री गरम इंजिनावर येऊन बसतात. दिवाळीनंतर तक्रार यायची यामागं दुसरं काहीच नाही. पहिल्या दोन वेळा मी नुसती नळी बदलून दिली, मग तिसऱ्यांदा टॉर्च घेऊन नीट पाह्यलं तर इंजिनवर हरभऱ्याची टरफलं आणि नळीवर दातांचे खाचे, अगदी ओळीनं. तेव्हापासून गाडी दुसऱ्या शेडमध्ये, बोनेट रात्री उघडं, आणि झटका तीन वर्षं आला नव्हता. उंदीर नसले तरी चाळीस वर्षांचं रबर आपल्या उन्हात वाळून कडक होते, प्लास्टिकच्या बारीक नळ्या ठीक असतात पण त्यांच्या टोकाची रबरी जोडणी सैल पडते, बोट लावलं की निघून येते.

शोधायला मी महागडं यंत्र वापरत नाही, ढोरांच्या दवाखान्यात मिळते ती 50 मिलीची नवी सिरिंज आणि हातभर नळी, बस. इंजिन बंद, मॉड्युलेटरवरची नळी काढा. सगळ्यात आधी नळीच्या आत पाहा, लाल तेल लागलं असेल तर पुढं काही तपासायची गरज नाही, आतला पडदा फाटला आणि व्हॅक्यूम बॉक्समधलं तेल ओढून नेत आहे. अशा गाडीत तेल कमी होत जाते पण खाली थेंब पडत नाही, मालक हैराण होतो की तेल जाते कुठं. ते व्हॅक्यूम पंपातून इंजिन ऑईलमध्ये जाते, म्हणून इंजिन ऑईलची लेव्हल वाढलेली दिसते. मॉड्युलेटर बदला आणि इंजिन ऑईल पण बदला.

नळी कोरडी असेल तर सिरिंज मॉड्युलेटरला लावा, दट्ट्या अर्धा ओढा, एक मिनिट धरून ठेवा आणि सोडा. पडदा चांगला असेल तर दट्ट्या परत जिथून निघाला तिथं टपकन जातो. अर्ध्यातच थांबला तर हवा घेतो. हीच परीक्षा मग प्रत्येक नळीची, प्रत्येक दाराच्या लाईनची करायची. दारांच्या लॉकमध्ये पण रबराचे पडदे आहेत, मागच्या डाव्या दाराचा पडदा फाटून गिअर झटका मारताना मी स्वतः पाह्यलाय, काकाजींना सांगितलं तर ते म्हणे, "दाराचा अन् गिअरचा काय संबंध बे?" मग एकेक फांदी बंद करून दाखवली. तुम्ही पण असंच करा, दाराच्या लाईनचं तोंड छोट्या बोल्टनं बंद करून गाडी चालवून पाहा, झटका गेला तर चोर दारात आहे. चावी काढल्यावर इंजिन लगेच बंद व्हायला लागलं तरी तेच समजा.

अजून एक रोडवरची परीक्षा आहे, फुकट. मॉड्युलेटरची नळी मुद्दाम काढा, नळीचं तोंड बंद करा आणि एक किलोमीटर हळू चालवा. झटका आधीइतकाच राह्यला, काही फरकच नाही, तर व्हॅक्यूम आधीपासूनच पोचत नव्हता. झटका आणखी वाढला तर व्हॅक्यूम येत होता, खराबी दुसरीकडे पाहा. आणि ज्यांच्या गाडीत गिअर बदलताना रेस भुंकते त्यांची गाडी नळी काढल्यावर नीट पकडायला लागली, तर प्लेटा अजून जिवंत आहेत, व्हॅक्यूम गरजेपेक्षा जास्त जात आहे, म्हणजे डिझेल पंपावरचा तो व्हॉल्व्ह पाय दाबल्यावर व्हॅक्यूम सोडत नाही. हे दुखणं झटक्यापेक्षा घातक आहे. झटक्यानं फक्त माणूस हलतो, घसरण्यानं प्लेटा जळतात.

व्हॅक्यूम गेज असेल तर सोन्याहून पिवळं. पंपाच्या मुख्य लाईनवर आयडलला 20 इंच पाऱ्याच्या वर पाहिजे. मॉड्युलेटरच्या लाईनवर टी आकाराचा जोड टाकून गेज लावून पाह्यलं तर आयडलला चांगला व्हॅक्यूम आणि रेस देत गेलं की काटा हळूहळू शून्याकडे उतरला पाहिजे, अडकत किंवा एकदम नाही. मुख्य लाईनवरच कमी असेल आणि ब्रेकचं पेडल पण कडक झालं असेल तर गिअर विसरा, गाडी चालवू नका, पंप कमजोर आहे आणि ब्रेकचा बूस्टर त्याच पंपावर चालतो.

नळी बदलताना जुगाड करू नका ही हात जोडून विनंती. सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि सलाईनची नळी, दोन्ही मी लोकांच्या गाडीतून काढल्या. हवा भरायला त्या चालतात, इथं हवा ओढली जाते, पातळ नळी आतून चिकटून बंद होते. सलाईनची नळी तर इंजिनच्या गरमीनं वाकून जाते, सकाळी गाडी चांगली आणि दुपारी झटके, माणूस येडा होतो. जाड भिंतीची व्हॅक्यूम नळी घ्या, अमरावती-नागपूरला मीटरवर मिळते.

यानंतर सांधे आणि केबल. लिव्हरपासून बॉक्सपर्यंत जो दांडा जातो त्याच्या टोकांना प्लास्टिकचे बुश आहेत, ते कुजले की लिव्हर पी वर दिसतो पण बॉक्स पी आणि आर च्या मध्ये कुठंतरी असतो, मग स्टार्टर लागत नाही किंवा डी वर ठेवूनही गाडी अर्धवट पकडते. अर्धवट पकडून चालवणं म्हणजे प्लेटा जाळणं. बुश अगदी स्वस्त वस्तू आहे, खाली झोपून हातानं दांडा हलवला की खेळ समजतो.

केबल म्हणजे अ‍ॅक्सिलेटरच्या सांध्यापासून बॉक्सकडे जाणारी तार. ती गिअर कोणत्या स्पीडला बदलायचा ते सांगते. सैल असेल तर गिअर लवकर पडतात, जास्त ताणलेली असेल तर उशिरा. लोक झटका आला की पहिले हिलाच हात लावतात, कारण ही वर दिसते, आणि मग दोन दुखणी होतात. व्हॅक्यूम नीट झाल्याशिवाय केबलला हात नाही. लावायचाच असेल तर आधी जुन्या जागेवर पेंटची खूण करा, एक आटा फिरवा, चालवून पाहा, लिहून ठेवा. अ‍ॅक्सिलेटरच्या सांध्यांमधल्या प्लास्टिकच्या वाट्या झिजलेल्या असतील तर आधी त्या बदला, नाहीतर केबलची सेटिंग टिकतच नाही.

पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडत नसेल तर पेडलखालचा किकडाऊन स्विच पाहा, त्याखाली पायपोस अडकलेलं असते. फ्यूज त्या काळातले चिनीमातीचे टोकदार आहेत, दिसायला चांगले असतात पण टोकाला गंज धरतो, बोटानं जागेवरच गोल फिरवा, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होते. आणि काही मॉडेलमध्ये गाडी मुळातच दुसऱ्या गिअरमधून उठते, पाय पूर्ण दाबल्यावरच पहिला पडतो. ती खराबी नाही.

इतकं करूनही गिअर नीट नसेल आणि तेल म्हातारं झालं असेल तर तेल-फिल्टर बदला. हे पण घरी होते, पण जॅकवर नाही, चार पक्क्या स्टँडवर. विटा लावू नका, वीट फुटते. डेक्सरॉन थ्रीच्या दर्जाचं एटीएफ घ्या, ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक ऑईल लाल असलं तरी चालत नाही. तेल कोमट असताना काढा, 80 डिग्रीचं तेल हातावर पडलं तर कातडी निघते. चेंबरचा, म्हणजे बॉक्सखालच्या तेलाच्या भांड्याचा बोल्ट खोलून जे निघते ते अर्धंच, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये असते, त्याचा बोल्ट बेल हाउसिंगच्या खिडकीत येईपर्यंत इंजिन पान्यानं फिरवावं लागते. चेंबरच्या तळाशी करड्या रंगाची पातळ साय असेल तर ती नेहमीची झीज आहे, पितळी-चंदेरी तुकडे किंवा प्लेटचे पापुद्रे असतील तर त्याचा फोटो काढा आणि तो तुकडा बाटलीत जपून ठेवा, पुढच्या मिस्त्रीला दाखवायला. फिल्टर आणि पॅकिंग नवं, बोल्ट बेताच्या जोरानं, घर अ‍ॅल्युमिनियमचं आहे, आटे लगेच जातात. परत भरताना सगळं मिळून सहा लिटरच्या आसपास लागते, पण चार लिटर टाकून इंजिन चालू करा आणि बाकीचं थोडं थोडं, गरम करून पट्टी पाहत. काढलेलं तेल वावरात किंवा नाल्यात ओतू नका, विहिरीचं पाणी आपणच पितो, डब्यात भरून जुनं ऑईल घेणाऱ्याला द्या.

इथं तुमचं आणि माझं, दोघांचंही काम संपते. मीही याच्या पुढं जात नाही. मॉड्युलेटरच्या टोपीखाली दाबाचा स्क्रू आहे, तो गेज लावून दाब मोजत फिरवायचा असतो, अंदाजानं नाही, अंदाजानं दाब कमी करून झटका घालवलेली गाडी वर्षभरात प्लेटा जाळते. तेल बरोबर, नळ्या चांगल्या, सांधे चांगले, आणि तरीही रिव्हर्स जातो पण पुढे जात नाही, तर आतल्या बी-टू नावाच्या पट्ट्याचा पिस्टन तुटला असण्याची शक्यता जास्त आहे, या बॉक्सची ओळखीची कमजोरी आहे ती. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना रेस भुंकते आणि नळी काढूनही थांबत नाही, तर आतल्या के-वन नावाच्या क्लचचं काम. थंडीत सकाळी रिव्हर्स लागायला वेळ लागतो आणि दिवसेंदिवस वाढत जातो, तर आतले सील कडक झाले. आणि काळं जळकं तेल, धातूचे तुकडे किंवा गुलाबी दुधाळ तेल यातलं काहीही दिसलं तर पुढं एकही प्रयोग नाही. ही कामं ज्यानं हाच बॉक्स आधी उघडून बसवलाय त्याच्याकडेच द्या, त्याला सरळ विचारा की दादा, तुम्ही बॉक्स उघडायच्या आधी व्हॅक्यूम आणि दाब मोजणार का. नाही म्हणाला तर चहा पिऊन परत या.

न्यायची कशी हेही महत्त्वाचं. आपल्याकडे बंद गाडी म्हटली की साखळी आणि ट्रॅक्टर. ऑटोमॅटिकमध्ये तेलाचा पंप इंजिन फिरलं तरच फिरतो, इंजिन बंद ठेवून मागची चाकं जमिनीवर लोटत नेली तर बॉक्स आतून कोरडा फिरतो आणि चांगले बेअरिंग पण जातात. सपाट ट्रकवर चढवून न्या. तेवढी सोय नसेल तर प्रोपेलर शाफ्ट सोडा आणि मगच ओढा. आणि चढावर गाडी ब्रेक दाबून, रेस देऊन "पकडते का पाहू" असं करू नका, पाच-सात सेकंदांत तेल प्रमाणाबाहेर तापते.

इम्पालासारखी अमेरिकन गाडी असेल तरी क्रम हाच ठेवा. त्या 1960 च्या दशकातल्या बऱ्याच बॉक्सवर पण व्हॅक्यूमचा मॉड्युलेटर आहे, फक्त तिथं व्हॅक्यूम थेट इंजिनाच्या इनलेटमधून येतो, आणि पडदा फाटला की तेल इंजिनात जळून सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. तेल कोणतं आणि पट्टी कोणत्या गिअरमध्ये पाहायची हे मात्र त्या त्या गाडीच्या पुस्तकातच पाहा.

काकाजींची गाडी मागच्या महिन्यात परत आली होती. मी बोनेट उघडायच्या आधीच ते म्हणाले, "चावी काढल्यावर लवकर बंद नाई होत, मी पाह्यलं, अन् मागच्या दाराचं लॉक पण नाई लागत." नळी त्यांनी स्वतःच बोटानं दाखवली, टोकाला चिरलेली, आणि खिशातून सिरिंज काढली. दहा मिनिटांत गाडी परत गेली.